दर वाढला, पण उचल फिटेल का?

राहुरी तालुक्यातल्या देवळाली प्रवरा परिसराची आजची घडी पाण्याने बसवली. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पूर्ण झाले, प्रवरेच्या कालव्यांना भरवशाचे पाणी मिळाले आणि उसाचा पसारा वाढला. स्वातंत्र्यानंतर लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी कारखाना उभारला. पुढे देवळालीच्या शेजारीच राहुरी कारखाना आला. बागायतदारांची घरे या बदलाने वर आली. ऊस तोडायला मात्र पाथर्डी, शेवगाव आणि बीडकडची कोरडवाहू कुटुंबे येत राहिली.

नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घ्यायची, फडाजवळ कोपी, म्हणजे झोपडी, घालायची आणि उचल फिटेपर्यंत टनावर राबायचे. आता याच फडात हार्वेस्टर उतरला आहे. कोयता दिवसाला साधारण दीड-दोन टन तोडतो, यंत्र शंभर टनांच्या पुढे जाते. टोळ्या मिळत नाहीत, उचल घेऊन मजूर येत नाहीत, ही शेतकऱ्याची आणि वाहतूकदाराची अडचण खरी आहे. म्हणूनच २०२३ मध्ये शासनाने यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांपैकी कमी असेल तेवढे अनुदान देऊ केले.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला सुमारे २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. वाढ मोठी होती, पण ती घरात किती पोचते ते हिशेब मांडल्यावर कळते. एका कोयत्याने १२० दिवस रोज दोन टन तोडले असे धरू. जुन्या दराने ६५,५२० रुपये होत. नव्या दराने ८७,८४० होतात. यंत्रामुळे ३० दिवसांचे काम गेले, तर उरतात ६५,८८० रुपये. म्हणजे कामाचा चौथा हिस्सा गेला की सगळी दरवाढ संपते. उचल ८० हजारांची असेल, तर १४ हजारांहून अधिक रक्कम पुढच्या हंगामाच्या बोकांडी बसते. त्यातच सरळ, रुंद सरीचा ऊस यंत्राला सोयीचा. लोळलेला ऊस आणि अडचणीचे तुकडे कोयत्याच्या वाट्याला येतात. तिथे दिवसाला दोन टनही निघत नाहीत.

शिवाय वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तेही जाते. कोयत्याने तोडलेल्या उसाचे वाढे मजूर संध्याकाळी विकतात आणि त्या रोख पैशांत रोजचा बाजार भागतो. उचलीत न वळणारा हाच त्यांचा पैसा. यंत्र वाढ्याचा चुरा करून शेतातच टाकते. त्याची झळ स्वस्त चाऱ्यावर दुभती जनावरे सांभाळणाऱ्या देवळालीतल्या घरांनाही बसते.

यंत्राने उत्पादन वाढावे आणि मजुरी मागे राहावी, हे जगात नवे नाही. रॉबर्ट ॲलन या अर्थइतिहासकाराने दाखवले आहे की १७८० ते १८४० या काळात ब्रिटनमध्ये दर कामगारामागचे उत्पादन ४६ टक्क्यांनी वाढले, खरी मजुरी केवळ १२ टक्क्यांनी. मजुरीने वेग घेतला तो नंतर; मधल्या दोन पिढ्यांनी त्याची किंमत मोजली.

ऊस तोडण्याचे काम शरीर मोडणारे आहे. ते यंत्राने करावे, यात वाईट काही नाही. पण यंत्राला सार्वजनिक पैसा मिळत असेल, तर त्यात कोयत्याचाही वाटा हवा. तोडणी मजुरांच्या गटांना यंत्राची मालकी आणि चालवण्याचे प्रशिक्षण द्यावे. यंत्रामुळे काम बुडाल्यास तेवढी उचल गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाने फेडावी. येत्या गळीत हंगामाआधी कारखान्यांच्या सभासदांनी हा विषय वार्षिक सभेत मांडावा. उसाच्या भावाइतकाच तोही त्यांचा विषय आहे.