चित्र तेच, कागद वेगळा

अमेरिकेतल्या जुन्या छापील चित्रांच्या बाजारात करियर अँड आइव्ह्ज या न्यूयॉर्कच्या पेढीच्या शिकारीच्या चित्रांना मोठी मागणी आहे. पण संग्राहकाने पैसे मोजायचे ते चित्रासाठी नव्हे, कागदासाठी. हे उफराटं वाटेल. पण चित्र मुळी दुर्मीळ असावं म्हणून काढलेलंच नव्हतं. करियर आणि आइव्ह्ज यांची भागीदारी १८५७ साली झाली आणि १९०७ साली दुकान गुंडाळेपर्यंत पेढीने सात हजारांच्या आसपास वेगवेगळी चित्रं विकली. लहान आकाराचं चित्र काही सेंटांत मिळे. विसाव्या शतकात कॅलेंडरांनी तीच चित्रं पुन्हा घरोघरी पोचवली. आर्थर टेटच्या चित्रावरून १८६१ साली छापलेलं ‘अ टाइट फिक्स’ घ्या. बर्फात अस्वलासमोर सुरा घेऊन ठाकलेला शिकारी आणि मागे झाडीतून नेम धरणारा सोबती, हे दृश्य नकलेतही पुरेपूर दिसतं. फरक कळतो तो भिंगाखाली. नक्कल ओळीने मांडलेल्या ठिपक्यांत फुटते. अस्सल प्रतीत छपाईच्या दगडावर ओढलेल्या मेणकट खडूचा वेडावाकडा दाणा दिसतो आणि त्यावर हाताने भरलेला जलरंग, कुठे कुठे रेषा ओलांडून गेलेला.

मग हातरंगाचं एवढं कौतुक कशाला, असं कुणी विचारेल. पेढीत लांब टेबलाशी बसलेल्या बायका समोरच्या नमुन्याबरहुकूम एकेक रंग भरत आणि कागद पुढे सरकवत. हा कारखानाच झाला. आक्षेप रास्त आहे. हातरंगाला कलावंताची सही समजणारा फसणारच. पण त्या घाईमुळेच दोन प्रतींतलं आभाळ सारखं निळं नसतं, आणि टेटचं नाव चित्राखाली छापलं जात असताना या बायकांची खूण उरली ती तेवढ्याच फरकात. ती नकलेत येते तीही एकाच प्रतीची, गोठलेली.

केवळ भिंत सजवायची असेल तर नक्कल घ्यावी, त्यात कमीपणा नाही. अस्सल प्रत घेणाऱ्याने मात्र अस्वलाआधी समास पाहावा. चौकटीत बसवण्यासाठी अनेकांनी कडा छाटल्या, पाठीमागे लाकडी फळ्या ठोकल्या आणि त्यातल्या आम्लाने कागद तपकिरी पडला. असं जखमी ‘टाइट फिक्स’ मिरवण्यापेक्षा लुई मॉररने काढलेला दुडक्या चालीचा शर्यती घोडा, कडा शाबूत आणि रंग न विटलेला, मी केव्हाही पसंत करीन. असे घोडे पेढीने भरपूर छापले, आणि अस्वलाच्या मानाने ते बरेच स्वस्तात मिळतात.