काय रोखायचे, काय सोडायचे

अमेरिकेतील महिलांच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये प्रेक्षकांना दिसतो तो 10-10 मिनिटांच्या चार सत्रांचा सामना; परंतु समोरचा संघ बलाढ्य असेल, तर त्या 40 मिनिटांमागे प्रशिक्षक आणि त्यांच्या साहाय्यकांनी केलेला प्रतिस्पर्ध्याचा बारकाईचा अभ्यास उभा असतो. ‘स्काउटिंग’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या अभ्यासाचा हेतू प्रतिस्पर्धी किती बलवान आहे हे ठरवणे एवढाच आहे, असा समज सर्रास आढळतो. तो अपुरा आहे. खऱ्या बलाढ्य संघाचे सर्वच काही रोखता येत नाही, म्हणून त्याला काय करू द्यायचे, कोणत्या खेळाडूला कोणत्या जागेवरून चेंडू फेकू द्यायचा आणि त्याबदल्यात काय वाचवायचे, याचा निर्णय हाच या अभ्यासाचा गाभा होय.

या निर्णयाला स्पर्धेच्या रचनेमुळे विशेष धार येते. महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने महिलांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा 1982 मध्ये सुरू केली आणि 2022 पासून तीत 68 संघ खेळतात. ही बाद पद्धतीची स्पर्धा असल्याने एक पराभव झाला की हंगाम संपतो. एकाच परिषदेतील, म्हणजे एकाच गटात कायम खेळणाऱ्या विद्यापीठांचे संघ दरवर्षी परस्परांना भेटतात आणि एकमेकांच्या सवयी ओळखून असतात. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र कधी न खेळलेला संघ अचानक समोर येतो, आणि शुक्रवारी उपांत्य सामना जिंकणाऱ्या संघाला रविवारच्या अंतिम सामन्यासाठी मध्ये जेमतेम एक दिवस मिळतो. पुढील प्रतिस्पर्ध्याचा सामना दुसऱ्या गावी जाऊन प्रत्यक्ष पाहण्यासही नियमाने मनाई आहे. दोन्ही संघ एकाच ठिकाणच्या स्पर्धेत खेळत असतील तेवढाच अपवाद. साहजिकच सारा भर चित्रफितींवर आणि आकडेवारीवर पडतो. बहुतेक संघांत प्रत्येक साहाय्यक प्रशिक्षकाला काही प्रतिस्पर्धी वाटून दिलेले असतात आणि त्या संघाविषयीची माहिती जमवून मुख्य प्रशिक्षकापुढे मांडणे ही त्याची जबाबदारी असते.

आकडेवारीत पहिली फसगत होते ती सरासरी गुणांमुळे. एखादा संघ सामन्यागणिक 80 गुण करतो म्हणून तो 70 गुण करणाऱ्या संघापेक्षा चांगला आक्रमक ठरत नाही. पहिल्याला त्यासाठी 80 वेळा चेंडूचा ताबा लागत असेल आणि दुसऱ्याला 65 वेळाच पुरत असेल, तर दर ताब्यामागे दुसऱ्याची कमाई अधिक असते. म्हणून अभ्यासक ताब्यागणिक हिशेब करतात. डीन ऑलिव्हर या अमेरिकी संख्याविश्लेषकाने 2004 साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात सामन्याचा निकाल ठरवणारे चार घटक मांडले, तेही या हिशेबावरच उभे आहेत. पहिला घटक नेमबाजीतील अचूकता, आणि ती मोजताना तीन गुणांच्या फेकीला तिचे जादा मोल दिले जाते. दुसरा म्हणजे टर्नओव्हर, अर्थात रिंगकडे फेक होण्याआधीच गमावलेला चेंडू. हुकलेल्या फेकीनंतर आपल्याच संघाने परत मिळवलेला चेंडू, म्हणजे आक्रमक रिबाउंड, हा तिसरा. आणि प्रतिस्पर्ध्याच्या फाउलमुळे मिळणारे फ्री थ्रो हा चौथा. बलाढ्य संघ या चारांपैकी नेमक्या कोणत्या घटकावर जगतो, हे कळले की चर्चेला दिशा मिळते.

दुसरी फसगत अपराजित विक्रमाची. महिलांच्या महाविद्यालयीन खेळात अव्वल संघ आणि इतर संघ यांच्यातील अंतर अजूनही इतके मोठे आहे, की हंगामाच्या सुरुवातीच्या एकतर्फी विजयांनी सगळ्या सरासऱ्या फुगतात. डॉन स्टेली यांच्या प्रशिक्षणाखालील साउथ कॅरोलिना विद्यापीठाचा संघ 2023 मध्ये सलग 42 विजय नोंदवून, त्या हंगामात 36 पैकी 36 सामने जिंकून, डॅलस येथील उपांत्य फेरीत उतरला होता. त्या 36 विजयांत जाणत्या नजरेला महत्त्वाचे होते ते स्टॅनफर्ड आणि मिसिसिपी या संघांविरुद्धचे सामने, कारण या दोन्ही वेळी निर्धारित वेळेत बरोबरी होऊन निकाल जादा वेळेत लागला होता. अजिंक्य दिसणारा संघ कुठे अडखळतो, हे त्याच्या मोठ्या विजयांपेक्षा अशा निसटत्या विजयांत अधिक स्पष्ट दिसते.

चित्रफीत पाहताना नजर चेंडूवर ठेवून भागत नाही. उदाहरणार्थ, ‘स्क्रीन’ घ्या. चेंडू हाती असलेल्या खेळाडूचा पाठलाग करणाऱ्या प्रतिस्पर्ध्याच्या वाटेत चेंडूवालीची सहकारी स्थिर उभी राहते आणि अडथळा निर्माण करते, याला स्क्रीन म्हणतात. पाठलाग करणाऱ्या खेळाडूपुढे तेव्हा तीन पर्याय असतात : अडथळ्याच्या बाहेरच्या बाजूने चिकटून जायचे, आतल्या बाजूने वळसा घालून पुढे गाठायचे, किंवा सहकाऱ्याशी खेळाडूंची अदलाबदल करायची. आतल्या बाजूने गेल्यास रिंगकडची वाट बंद होते, पण चेंडूवालीला क्षणभर मोकळी फेक मिळते. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कविरुद्ध हा मार्ग आत्मघातकी होता, कारण 6.75 मीटरवरील तीन गुणांच्या रेषेच्याही बऱ्याच मागून ती अचूक फेकत असे. लांबून क्वचितच फेकणाऱ्या खेळाडूविरुद्ध मात्र तोच मार्ग शहाणपणाचा ठरतो. प्रत्येक खेळाडूबाबत हा पर्याय आधीच ठरलेला असावा लागतो, कारण कोर्टवर विचाराला अर्धा सेकंदही मिळत नाही.

31 मार्च 2023 च्या त्या उपांत्य सामन्यात लिसा ब्लूडर यांच्या आयोवा संघाने नेमकी अशीच निवड केली. साउथ कॅरोलिनाची ताकद रिंगजवळ होती : आलिया बॉस्टन ही 1.96 मीटर उंचीची सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारी खेळाडू, आणि तिच्यासोबत एकामागून एक येणाऱ्या उंच, धिप्पाड खेळाडू. त्यांच्याशी समोरासमोर झुंजण्याइतकी उंची आयोवाकडे नव्हती. म्हणून आयोवाने बाहेरून फेकण्यात कच्च्या वाटणाऱ्या खेळाडूंना मोकळे सोडले आणि त्यांच्यावर खर्च होणारे मनुष्यबळ रिंगखालच्या रंगवलेल्या पट्ट्यात, बॉस्टनभोवती, उभे केले. तीन गुणांच्या रेषेबाहेर चेंडू घेऊन उभ्या असलेल्या साउथ कॅरोलिनाच्या रेवन जॉन्सनकडे क्लार्कने हात झटकून पाठ फिरवली, ते दृश्य त्यानंतर सर्वत्र फिरले. या निवडीची किंमत होती आणि आयोवाने ती मोजली. रिबाउंडमध्ये साउथ कॅरोलिना त्या दिवशीही बरीच पुढे होती आणि मोकळ्या सोडलेल्या खेळाडूंनी काही बास्केट केल्याही. परंतु बॉस्टनला 8 गुणांवर रोखले गेले, क्लार्कने 41 गुण केले आणि आयोवाने सामना 77-73 असा जिंकला. दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात लुइझियाना स्टेटने आयोवाला 102-85 असे हरवले, हेही लक्षात घेतले पाहिजे : एका संघासाठी बेतलेला बचाव, बाहेरून सहज फेकणाऱ्या दुसऱ्या संघापुढे निरुपयोगी ठरतो.

मोकळे सोडले जाणे हा खेळाडूसाठी सार्वजनिक अपमान असतो, आणि डावपेचांच्या चर्चेत ही बाजू फार लवकर विसरली जाते. त्या प्रसंगानंतर खेळच सोडून द्यावा असे आपल्या मनात आले होते, असे रेवन जॉन्सनने पुढे उघडपणे सांगितले. ज्यांचे मोजमाप घेतले जाते त्या विशीच्या आसपासच्या विद्यार्थिनी असतात, याचे भान प्रशिक्षकांना आणि प्रेक्षकांना असणे आवश्यक आहे. मात्र ज्या वयात मन दुखावते त्याच वयात खेळ झपाट्याने सुधारतो, आणि म्हणून महाविद्यालयीन खेळाडूविषयीचा निष्कर्ष वर्षभरातच जुना होऊ शकतो.

ठरलेली योजना कोर्टवर उतरवण्यासाठी महिला संघांत एक खास व्यवस्था रूढ आहे. त्याच विद्यापीठातील बास्केटबॉल खेळणारे पुरुष विद्यार्थी सरावात प्रतिस्पर्धी संघाची भूमिका घेतात. एक जण समोरच्या संघाच्या सेंटरसारखा रिंगजवळ जागा अडवतो, दुसरा त्यांच्या मुख्य गार्डच्या लकबीने स्क्रीनभोवती वळतो, आणि सामन्यात अपेक्षित असलेला वेग व ताकद मुलींना आधीच अनुभवता येते. एनसीएएच्याच महिला क्रीडाविषयक समितीने 2006 मध्ये या प्रथेवर बंदी घालण्याची भूमिका घेतली होती. सरावाची ही संधी संघातील राखीव मुलींना मिळायला हवी, असा त्यामागचा आक्षेप होता. तो रास्त होता, कारण बाकावर बसणाऱ्या खेळाडूची वाढ सरावातच होते. तरीही बहुतेक प्रशिक्षकांना ही व्यवस्था सोडवली नाही. योजना कोर्टवर उतरवण्यातील दुसरी अडचण माहितीच्या अतिरेकाची आहे. चाळीस गोष्टी सांगितल्या तर खेळाडू कोर्टवर आठवत बसते, म्हणून अनुभवी प्रशिक्षक स्वतः अनेक तासांच्या चित्रफिती पाहतात आणि खेळाडूंपुढे त्यातील काही मिनिटे व तीन-चार सूचनाच ठेवतात. कबड्डीत चढाईपटूचा कोणता पाय आधी पुढे पडतो, एवढी एकच खूण कोपरारक्षकाला पुरते, त्यातलाच हा प्रकार आहे.

2024 चा अंतिम सामना 7 एप्रिल रोजी क्लीव्हलँडमध्ये झाला आणि पुन्हा आयोवासमोर साउथ कॅरोलिनाच होती; पण ती आधीची साउथ कॅरोलिना नव्हती. आधीच्या हंगामातील पाचही सलामीच्या खेळाडू निघून गेल्या होत्या, ऑरेगन विद्यापीठातून आलेली ते-हिना पाओपाओ लांबून अत्यंत अचूक फेकत होती, आणि बाहेरच्या खेळाडूंना मोकळे सोडण्याचा मार्ग त्यामुळे बंद झाला होता. संघ बदलण्याचे नियम सैल झाल्यापासून असे बदल एका उन्हाळ्यात घडतात, आणि गेल्या वर्षीची टिपणे जपून ठेवणाऱ्या प्रशिक्षकाची दिशाभूल होते. क्लार्कने पहिल्याच सत्रात 18 गुण केले आणि त्याअखेर आयोवा 27-20 अशी पुढे होती. तेव्हाही स्टेली यांनी घाईने योजना मोडली नाही. क्लार्क गुण करणारच हे गृहीत धरून तिच्यामागे रेवन जॉन्सनसारख्या चपळ खेळाडू लावायच्या आणि तिला दमवायचे, हा सौदा त्यांनी पत्करला होता. उर्वरित तीन सत्रांत मिळून क्लार्कला 12 गुणच करता आले, आणि मध्यंतराच्या तोंडावर जॉन्सनने तिच्याच हातून चेंडू हिसकावून बास्केट केली. आयोवाने वर्षापूर्वी रिबाउंडमधील जी तूट सोसली होती, ती या वेळी सोसवली नाही : साउथ कॅरोलिनाचे 51 रिबाउंड, आयोवाचे 29, राखीव खेळाडूंचे गुण 37 विरुद्ध शून्य, एकूण 87-75. साउथ कॅरोलिनाच्या कमिला कार्डोसोने एकटीने 17 रिबाउंड घेतले.

माहिती हाती असूनही सोडण्यासारखे काहीच उरत नाही, अशीही वेळ येते. कनेक्टिकट विद्यापीठाने 16 फेब्रुवारी 2025 रोजी साउथ कॅरोलिनाला तिच्याच कोर्टवर 87-58 असे हरवले, तेव्हा घरच्या मैदानावरील तिची सलग 71 विजयांची मालिका खंडित झाली. सात आठवड्यांनी, 6 एप्रिलला टँपा येथील अंतिम सामन्यात तेच दोन संघ पुन्हा समोरासमोर आले. साउथ कॅरोलिनाकडे आधीच्या सामन्याची पूर्ण चित्रफीत होती, चुका ठाऊक होत्या आणि देशातील एक श्रेष्ठ प्रशिक्षक होती. पण कनेक्टिकटची अझी फड लांबून फेकत होती, तिची सहकारी सारा स्ट्राँग आतून आणि बाहेरून दोन्हीकडून खेळत होती, आणि त्याच संघाच्या पेज बेकर्सला एकटीवर सोपवणे शक्य नव्हते. फड आणि स्ट्राँग यांनी प्रत्येकी 24 गुण केले, स्ट्राँगने त्यात 15 रिबाउंडची भर घातली, आणि कनेक्टिकटने सामना 82-59 असा जिंकला.