एक्सप्लेनर : किरगिझ लांडगीण आणि हिवरखेडची जागल

हिवरखेड (जि. अकोला) : तूर-हरभरा भरात आला, की सातपुड्याच्या पायथ्याच्या या गावात रात्र शेतात काढावी लागते. हातात बॅटरी, डबा वाजवायचा, रानडुकरं आणि रोही हाकलायचे. पीक गेलंच तर वन विभागाकडे अर्ज, मग पंचनामा. याचा किरगिझस्तानच्या कादंबरीशी काय संबंध?

चिंगिझ आइत्मातोव (१९२८-२००८) हे किरगिझ या तुर्की कुळातल्या भाषेचे लेखक. किरगिझ आणि रशियन अशा दोन्ही भाषांत ते लिहीत. त्यांच्या १९८६ च्या ‘प्लाखा’त अकबरा नावाची लांडगीण आहे. सरकारी मांसपुरवठ्याचं टार्गेट गाठायचं म्हणून हेलिकॉप्टर आणि गाड्या लावून सायगा हरणांचे कळप मारले जातात. त्या धावपळीत तिची पिल्लं मरतात. दुसरी वीत खाणीसाठी पेटवलेल्या बोरूच्या रानात जाते. तिसऱ्या वेळी बझारबाय नावाचा माणूस पिल्लं विकायला चोरतो आणि पळताना बोस्टन या मेंढपाळाच्या घरी थांबतो. लांडगे वास काढत तिथंच येतात. बोस्टन पिल्लं विकत घेऊन परत ठेवायला तयार असतो, बझारबाय देत नाही. शेवटी अकबरा बोस्टनचं लहान पोर उचलून नेते. बोस्टन गोळी झाडतो, ती दोघांनाही लागते.

टार्गेट ठरवणाऱ्यांना यातलं काहीच भोगावं लागत नाही. भोगतो बोस्टन.

मराठीत व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण ती वानरांच्या टोळ्यांची गोष्ट, माणूस तिथं जवळजवळ नाहीच. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मध्ये (साहित्य अकादमी, २००४) आपल्या वऱ्हाडचा कोरडवाहू शेतकरी आहे, कर्ज आहे, जंगल मात्र लांब. दोन्ही पुस्तकं मोठी, यात वाद नाही. (अभियांत्रिकीच्या अभ्यासात दोन्ही वाचायची राहिली होती, हे कबूल.)

पण डबा वाजवणारा शेतकरी आणि मेळघाटातून शिवारात उतरणारं जनावर, दोघांचीही बाजू एकाच पुस्तकात मांडणारी वऱ्हाडी कादंबरी माझ्या तरी वाचनात नाही. आइत्मातोव अकबराला खलनायक करत नाहीत आणि बोस्टनलाही. हिवरखेडच्या बांधावर बोलताना मात्र लोक एकतर वाघाचे असतात, नाहीतर शेतकऱ्याचे. जागल चालू आहे, हरभरा निघेपर्यंत.