कूलर, ऊन आणि एलपी

हाय-फायचा नाद असलेल्या नागपूरकराची खरी परीक्षा मे महिन्यात. पारा 45 अंशांवर, खिडकीत कूलर घरघरतोय आणि टर्नटेबलवर नागपुरातच वाढलेल्या डॉ. वसंतराव देशपांड्यांची एलपी. तान दणक्यात ऐकू येते. तानपुरा मात्र कूलर गिळून टाकतो. सलग घरघर हळू आवाजांना आधी झाकते, तिथे महागड्या अ‍ॅम्प्लिफायरची मात्रा चालत नाही. खोली गार करून घ्यावी, कूलर बंद करावा आणि एक बाजू, म्हणजे वीसेक मिनिटं, निवांत ऐकावी. घरचे कुरकुरतील, ते वेगळं.

ऊन रेकॉर्डलाही बाधतं. व्हिनाइल साधारण 60 अंशांपुढे मऊ पडू लागतं. उन्हातल्या बंद गाडीत राहिलेली रेकॉर्ड पापडासारखी वाकते; मग सुई वरखाली होते आणि सूर डुलतो. म्हणून रेकॉर्ड्स सावलीत आणि उभ्याच ठेवाव्यात.

सुईचा भार बहुतेक कार्ट्रिजना दोनेक ग्रॅम लागतो. तो कमी ठेवला की रेकॉर्ड जपली जाते, हा गैरसमज. हलकी सुई खाचेत नीट बसत नाही, आदळते आणि खाच जास्तच खराब करते. स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढून पाहावेत. खर्जाचा गदगदाट बराच कमी होतो, तोही फुकटात.