तळघरातले यंत्र आणि पस्तीस पाने

दोन अज्ञात राशींची एकसामयिक समीकरणे तुम्ही वर्गात नेहमी सोडवता. एका समीकरणाला योग्य संख्येने गुणायचे, दुसऱ्यातून वजा करायचे. एक राशी नाहीशी झाली की दुसरी हाती येते. आता समजा, राशी दोन नसून एकोणतीस आहेत आणि समीकरणेही एकोणतीस. रीत तीच, पण गुणाकार आणि वजाबाक्यांची संख्या हजारांत जाते. त्यात कुठे एक हातचा चुकला की सारे मुसळ केरात!

अशा आकडेमोडीला कंटाळलेल्या एका प्राध्यापकाची ही गोष्ट आहे. त्यांचे नाव जॉन व्हिन्सेंट अटानासॉफ. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एम्स या गावी ते गणित व भौतिकी शिकवत. शेती आणि यंत्रविद्या शिकवण्यासाठी तेथील राज्यांना सरकारने १८६२च्या कायद्याने जमिनी दिल्या होत्या. त्या योजनेत वाढलेले एम्सचे हे राज्य महाविद्यालय १९५९ साली विद्यापीठ झाले. मोठ्या शहरांतल्या श्रीमंत विद्यापीठांपुढे ते साधेच होते.

हेलियम वायूवरील प्रबंधासाठी अटानासॉफ यांना हाताने चालवायच्या गणनयंत्रावर आठवडेच्या आठवडे घालवावे लागले होते. पुढे त्यांच्या विद्यार्थ्यांपुढेही तीच अडचण उभी राहिली. १९३७च्या हिवाळ्यात एका रात्री वैतागून ते मोटार घेऊन निघाले आणि सुमारे तीनशे किलोमीटर दूर, मिसिसिपी नदीपलीकडच्या एका मद्यगृहात जाऊन बसले. तेथे त्यांचा विचार पक्का झाला : यंत्र दातेरी चाकांवर नव्हे, तर विजेवर चालवायचे, दशमान पद्धत सोडून ० आणि १ या दोनच अंकांची द्विमान पद्धत घ्यायची, आकडे धारित्रांत साठवायचे, आणि एकेक मोजत न बसता तर्काच्या नियमांनी थेट उत्तर काढायचे.

यातली धारित्राची कल्पना नीट पाहू. धारित्र म्हणजे विद्युत्‌भार साठवणारा घटक. भार एका प्रकारचा असेल तर १ समजा, विरुद्ध प्रकारचा असेल तर ०. पण गळक्या घागरीतून पाणी जावे तसा धारित्रातून भार हळूहळू निघून जातो. मग आकडा टिकायचा कसा? अटानासॉफ यांनी धारित्रे फिरत्या दंडगोलांवर बसवली. दंडगोल सेकंदाला एक फेरी घेई आणि प्रत्येक फेरीत यंत्र भार वाचून तो पुन्हा पूर्ववत भरी. घागर गळती असली तरी ती रिकामी होण्याआधीच पुन्हा भरायची! आज तुमच्या घरातल्या मोबाइलची कार्यस्मृती याच तत्त्वावर चालते. तिथली धारित्रे अतिसूक्ष्म असतात आणि ती सेकंदाला अनेक वेळा भरली जातात, एवढाच फरक.

१९३९ साली महाविद्यालयाने ६५० डॉलर दिले. त्यातून साहित्य आले आणि मदतनीस विद्यार्थ्याचा पगारही निघाला. तो विद्यार्थी म्हणजे क्लिफर्ड बेरी. भौतिकी विभागाच्या तळघरात दोघांनी त्याच वर्षी एक छोटा नमुना चालवून दाखवला. १९४२पर्यंत लिहिण्याच्या मेजाएवढे मोठे यंत्र उभे राहिले. त्यात सुमारे तीनशे निर्वात नळ्या होत्या आणि एकोणतीस समीकरणांपर्यंतची गणिते सोडवण्यासाठी ते रचलेले होते. मधली उत्तरे ठिणग्यांनी कार्डावर भोके पाडून नोंदवली जात. ही नोंदणी मात्र अधूनमधून चुके. इतक्यात युद्धामुळे दोघेही दुसऱ्या कामांवर गेले. पेटंटसाठी वकील नेमलेला होता, कागद पाठवलेले होते. पण अर्ज काही दाखल झाला नाही. १९४८ साली जागा हवी म्हणून यंत्र मोडून टाकण्यात आले. अटानासॉफ यांना कळवलेही नव्हते! हाती राहिला तो एक दंडगोल आणि काही सुटे भाग.

दरम्यान फिलाडेल्फियात जॉन मॉक्ली आणि प्रेस्पर एकर्ट यांनी एनिअ‍ॅक हा अवाढव्य संगणक बांधला. त्यात सतरा हजारांहून अधिक निर्वात नळ्या होत्या. १९४६ साली तो लोकांपुढे आला आणि पहिला विद्युत्‌कणीय संगणक म्हणून गाजला. पेटंटही त्यांनाच मिळाले. पुढे त्या पेटंटच्या मानधनावरून हनीवेल आणि स्पेरी रँड या कंपन्यांत खटला उभा राहिला, तेव्हा तळघरातली गोष्ट बाहेर आली. जून १९४१मध्ये मॉक्ली एम्सला येऊन अटानासॉफ यांच्या घरी राहिले होते. त्यांनी ते यंत्र पाहिले होते आणि त्याचे वर्णन असलेले टिपणही वाचले होते.

हे टिपण अटानासॉफ यांनी ऑगस्ट १९४० मध्ये लिहिले होते. पाने पस्तीस. यंत्र गेले होते, बेरी १९६३ साली वारले होते. पण ती पाने आणि पत्रव्यवहार शिल्लक होता. १९ ऑक्टोबर १९७३ रोजी न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी एनिअ‍ॅकचे पेटंट रद्द ठरवले. स्वयंचलित विद्युत्‌कणीय अंकीय संगणकाची मूळ कल्पना एकर्ट व मॉक्ली यांची नसून ती अटानासॉफ यांच्याकडून आली, असा निष्कर्ष त्यांनी नोंदवला. दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत वॉटरगेट प्रकरणाने मोठे वळण घेतले आणि वर्तमानपत्रांत या निकालाची फारशी दखल घेतली गेली नाही.

मग एनिअ‍ॅकचे महत्त्व संपले का? मुळीच नाही. एम्सचे यंत्र एकाच प्रकारचे गणित करी. एनिअ‍ॅककडून हवे ते गणित करून घेता येई, आणि तेही अतिशय वेगाने. बीज एकाचे असले तरी झाड वाढवणाऱ्यांचे श्रम खोटे ठरत नाहीत. इतिहासकारांत श्रेयाचा वाद अजूनही रंगतो. १९९० साली अटानासॉफ यांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रविज्ञान पदक मिळाले. १९९५ साली ते वारले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९९७ मध्ये, आयोवा राज्य विद्यापीठाच्या चमूने जुने कागद आणि छायाचित्रे अभ्यासून यंत्राची चालती प्रतिकृती उभी केली.

प्रयोगवहीत तारीख घाला, आकृती काढा, फसलेला प्रयोगही खोडू नका, असे आम्ही शिक्षक सारखे सांगत असतो. तुम्हांला ती कटकट वाटते. पण पाहा, शेकडो किलो वजनाचे यंत्र भंगारात गेले, आणि त्याची साक्ष द्यायला पस्तीस पाने पुरली. तेव्हा पुढच्या तासाला वही उघडाल, तेव्हा वरच्या कोपऱ्यात आधी तारीख लिहा.