घरात एक जण शाकाहारी झाला, तर?

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहारात संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन लागते, आणि एखाद्या घरात कुणीतरी जाहीर करतो, “आजपासून मी मटण खाणार नाही.” कुणी अश्विन पौर्णिमेपर्यंत सोडतो, कुणी कायमचे. कुणी इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांचे विपश्यना शिबिर करून येतो आणि तिथल्या साध्या जेवणाने त्याचे मन वळते. कुणाला डॉक्टरांनी सांगितलेले असते, कुणाला कोंबडी कापताना बघवत नाही. कारण काहीही असो, दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसणाऱ्या बाईला प्रश्न पडतो : आता याला घालायचे काय?

आमच्या लासूर स्टेशनला हा प्रश्न हमाली करणाऱ्यांच्या, कांदा निवडायला जाणाऱ्या बायांच्या, शेतमजुरांच्या घरांत पडतो. इथे दोन वेळचा एकच स्वयंपाक जेमतेम उरकतो. रॉकेल असो की गॅस, जळण जपूनच वापरावे लागते. म्हणून हा विषय दोन अंगांनी पाहावा लागेल, एक मनाचे आणि दुसरे भांड्याचे. मनाचे आधी घेऊ, कारण तिथे गाठ बसली तर भाजी कितीही चांगली झाली तरी घशाखाली उतरत नाही.

आजीचा प्रश्न

आमच्या घरी धाकट्याने मटण सोडले आणि पहिल्याच रविवारी म्हणाला, “माझं ताट-वाटी वेगळं ठेवा.” आजी भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारले, “का रं बाबा, आता आमचं ताट तुला विटाळतंय का?” पोरगा गप्प झाला. त्याच्या मनात तसे काही नव्हते. पण आजीने ज्या काळात दिवस काढले, त्या काळात ‘वेगळे भांडे’ या शब्दाचा अर्थ एकच होता.

आपल्या माणसांच्या ताटाला या देशात फार बोल लावले गेले. गावकीत मेलेले ढोर ओढणे आपल्या वाट्याला आले आणि पोटासाठी त्याचे मांसही आले. ते वाळवून चान्या करून ठेवायच्या आणि अडीअडचणीच्या दिवसांत शिजवायच्या. शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या पुस्तकात (२०१५) मराठवाड्यातल्या आपल्या घरांचे हे सारे अन्न नोंदवून ठेवले आहे. तूप, दूध, तेल यांची चैन नसलेला तो स्वयंपाक कसा होता, हे नव्या पिढीने जरूर वाचावे.

बाबासाहेबांनी मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मृत जनावराचे मांस सोडा, असे बजावले. ते स्वाभिमानासाठी होते. मांसाहार करणारा माणूस हलका, असे त्यांनी म्हटले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, प्राणिमात्रांवर दया करण्याची आहे, पण मांस न खाण्याची नाही.

भगवान बुद्धांचेही तसेच. देवदत्ताने भिक्खूंना मासे-मांस कायमचे बंद करावे, अशी मागणी केली, ती तथागतांनी मान्य केली नाही. जीवक वैद्याला त्यांनी सांगितले की, आपल्यासाठी प्राणी मारल्याचे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर भिक्खूने ते मांस घेऊ नये. सुत्तनिपातातल्या आमगंध सुत्तात तर दुर्गंधी मांसाची नसून खोटेपणाची, क्रौर्याची आणि लोभाची आहे, असे समजावले आहे. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात हत्येची गरज आणि हत्येची हौस यांत फरक केला आहे. अहिंसा हा डोळे मिटून पाळायचा नियम नव्हे, विवेकाने आचरायचे तत्त्व आहे, असे त्यांनी मांडले.

यातून दोन गोष्टी निघतात. खाणाऱ्याने मान खाली घालायचे कारण नाही. आणि करुणेने ज्याला सोडावेसे वाटले, त्याची “भटाळला” म्हणून टिंगल करायचेही कारण नाही. स्वतःच्या मनाने सोडणे वेगळे आणि दुसऱ्याने ताटातून काढून घेणे वेगळे. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हा गरिबाच्या घरातले स्वस्त मांस गेले. ती त्याची निवड नव्हती. आपल्या पोराची मात्र ती निवड आहे, म्हणून तिचा मान राखावा.

पळी वेगळी, पंगत एकच

मग भांड्यांचे काय? आम्ही घरात एक सोपा नियम केला. मटणाच्या पातेल्यातली पळी दुसऱ्या भाजीत घालायची नाही. रस्सा एकमेकांत मिसळू नये, एवढ्यापुरतेच ते. ताटे, वाट्या, तवा, पाट सगळे एक. भांडी घासली की स्वच्छ झाली. चवदार तळ्याचे पाणी आपण प्यायलो, म्हणून मडक्यांनी पंचगव्य ओतून तळे ‘शुद्ध’ करणाऱ्यांची रीत आपल्या चुलीपाशी येता कामा नये. आणि जेवायला सगळ्यांनी एकाच वेळी बसायचे. पोरगा आजीच्या शेजारी बसला की अर्धी अढी तिथेच गेली.

रस्सा एक, भाज्या दोन

आता भांड्याकडे वळू. मटण सोडलेल्या माणसाला पहिले काही दिवस आठवण येते ती बहुधा मटणाची नव्हे, रश्श्याची. काळ्या मसाल्याचा झणका, भाजलेल्या खोबऱ्याचा वास, भाकरी कुस्करून वर ओतलेला तवंगाचा रस्सा. तो त्याला द्या. सगळ्यांना तर्रीदार आणि त्याच्यापुढे पिवळे वरण, असे केले तर तो घरात पाहुण्यासारखा होतो.

पाच माणसांच्या अंदाजाने चार मोठे कांदे आणि अर्धी वाटी सुके खोबरे काळपट होईपर्यंत भाजून घ्यावे. त्यात लसणाचा एक गड्डा, आल्याचा तुकडा आणि कोथिंबीर घालून बारीक वाटावे. कांद्याला लासूरच्या बाजारात तोटा नाही. तेलात हे वाटण परतावे, तिखट, हळद, काळा मसाला आणि दोन चमचे येसर घालावे. येसर म्हणजे धान्य, डाळी आणि मसाले भाजून केलेले आपल्या मराठवाड्याचे पीठ. त्याने रस्सा मिळून येतो. तेल सुटले की वाटणाचा एक वाटा दुसऱ्या पातेल्यात काढून घ्यावा. मोठ्या पातेल्यात मटण जाईल. धाकट्यात पुढीलपैकी काहीही.

पाटवडी : तेलात मोहरी, जिरे, लसूण, मिरची, हळद यांची फोडणी करून दीड वाटी पाणी व मीठ घालावे. उकळी फुटली की एक वाटी बेसन हळूहळू सोडत घोटावे, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. झाकून वाफ आणावी. तेल लावलेल्या ताटात थापून वड्या पाडाव्यात आणि वाढताना रश्श्यात सोडाव्यात. आधी सोडल्या तर विरघळतात.

सोयाबीन वडी : उकळत्या पाण्यात दहा मिनिटे ठेवून गार पाण्यातून दोन-तीनदा घट्ट पिळावी, म्हणजे उग्र वास जातो. मग वाटणात परतून रस्सा करावा.

याशिवाय मोड आलेली मटकी, मुगाचे सांडगे किंवा हुलग्याचे शेंगोळे. तो अंडे खात असेल तर उकडलेली अंडी. अंडे चालते का, हे त्याला आधी विचारावे. गृहीत धरू नये.

ताकदीचा हिशोब

“मटण सोडलं, आता अंगात ताकद कुठून येणार?” हा प्रश्न प्रत्येक आई विचारते. हिशोब करून पाहू. आपल्यासारख्या घरात आठवड्यातून एकदा अर्धा किलो मटण येते. पाच जणांत वाटले तर माणशी शंभर ग्रॅम, हाडांसकट. त्यातून मिळणारी प्रथिने फार तर वीस ग्रॅम, म्हणजे रोजची जेमतेम तीन. बाकी सहा दिवस ताकद येत होती ती डाळ-भाकरीतूनच.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला रोज सुमारे ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या स्त्रीला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. पाव किलो ज्वारीच्या पिठाच्या भाकरीत सुमारे २५ ग्रॅम, ५० ग्रॅम तुरीच्या डाळीत ११, मूठभर म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत ७ आणि २५ ग्रॅम कोरड्या सोयाबीन वडीत १२ ग्रॅम मिळतात. बेरीज ५५. मात्र डाळ घट्ट असावी. पाण्यासारख्या वरणाने हा हिशोब चुकतो.

खरी काळजी दुसरीच आहे. बी-१२ हे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत, भाजीत मिळत नाही. ते मांस, मासे, अंडी आणि दूध-दह्यात असते. म्हणून शाकाहारी झालेल्याला रोज दूध, दही किंवा ताक हवे. ते परवडत नसेल किंवा तो तेही घेत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. हातापायांना मुंग्या येणे, सतत थकवा, विसराळूपणा अशी लक्षणे दिसली तर अंगावर काढू नये, रक्त तपासून घ्यावे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईने तर मांस सोडण्याआधीच दवाखान्यात बोलून घ्यावे. लोहासाठी पालेभाज्या लोखंडी कढईत कराव्यात, वर लिंबू पिळावे आणि जेवणाला लागून चहा घेऊ नये.

काम कुणाचे?

शेवटी आमच्या भावांना आणि मुलांना एक सांगणे आहे. निर्णय एकाचा आणि कष्ट दुसरीचे, असे होऊ देऊ नका. दुसरे पातेले चढले की दुसरे वाटण, दुसरे घासणे आले, आणि ते दिवसभर कांदा निवडून आलेल्या बाईच्या अंगावर पडते. करुणा प्राण्यांवर करायची तर ती आधी घरातल्या आईवर, बायकोवर, बहिणीवर करावी. ज्याने मटण सोडले त्याने मटकी भिजवावी, सोयाबीन वडी पिळावी, आपले पातेले आपण घासावे. आमच्याकडे रविवारची पाटवडी आता धाकटाच थापतो. ती कधी जाड होते, कधी पातळ. आजी मटणाच्या रश्श्याबरोबर तिच्याही दोन वड्या मागून घेते.