प्राथमिक शिक्षकांचे कार्यमूल्यमापन : शिरूर कासार तालुक्याच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

प्राथमिक शिक्षण हा संपूर्ण शिक्षणव्यवस्थेचा पाया मानला जातो आणि या पायाची मजबुती प्रामुख्याने वर्गात प्रत्यक्ष शिकविणाऱ्या शिक्षकावर अवलंबून असते. म्हणूनच शिक्षकाच्या कार्याचे मूल्यमापन हा विषय शासन, प्रशासन, पालक आणि स्वतः शिक्षक या सर्वांच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो. वरिष्ठ वेतनश्रेणी, निवडश्रेणी, पदोन्नती, शिस्तभंगाची कारवाई यांसारख्या बाबी शिक्षकाच्या कामाविषयीच्या नोंदींशी निगडित आहेत. परंतु या नोंदी कोणत्या निकषांवर केल्या जातात आणि त्या निकषांतून शिक्षकाचे खरे कार्य कितपत प्रतिबिंबित होते, याचा विचार तुलनेने कमी झालेला आहे.

बीड जिल्ह्यातील शिरूर कासार हा तालुका या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे. सिंदफणा नदीच्या काठी वसलेल्या या तालुक्याच्या परिसरात शेती बहुतांशी पावसावर अवलंबून आहे. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होताच ऊसतोडणीसाठी हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात स्थलांतर करतात. हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो, म्हणजेच शैक्षणिक वर्षाचा मोठा भाग त्यात जातो. जेथे वर्गातील पटच वर्षभर स्थिर राहत नाही, तेथे शिक्षकाच्या कामाचे मोजमाप कसे करावे, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे.

लेखाची उद्दिष्टे :

१) प्राथमिक शिक्षकांच्या कार्यमूल्यमापनाची संकल्पना व पार्श्वभूमी स्पष्ट करणे.
२) मूल्यमापनाच्या प्रचलित साधनांचा आढावा घेणे.
३) स्थलांतरप्रवण भागात ही साधने कोठे अपुरी पडतात, हे उदाहरणासह दाखविणे.
४) न्याय्य मूल्यमापनासाठी काही सूचना करणे.

संकल्पना :

कार्यमूल्यमापन म्हणजे कर्मचाऱ्याने नेमून दिलेले काम किती प्रमाणात, कोणत्या दर्जाने व कोणत्या परिस्थितीत पार पाडले याची पद्धतशीर तपासणी होय. या व्याख्येतील 'कोणत्या परिस्थितीत' हा भाग व्यवहारात बहुधा गळून पडतो. शिक्षकाच्या बाबतीत मूल्यमापनाचे दोन हेतू संभवतात. पहिला हेतू उत्तरदायित्वाचा असून त्यात काम झाले किंवा नाही हे पाहून वेतनश्रेणी, पदोन्नती वा कारवाई यांविषयी निर्णय घेतला जातो. दुसरा हेतू विकासाचा असून त्यात शिक्षकाला कोठे साहाय्य हवे आहे हे शोधले जाते. एकाच प्रपत्रातून हे दोन्ही हेतू साधण्याचा प्रयत्न केल्यास शिक्षक आपल्या अडचणी मोकळेपणाने नोंदवीत नाही आणि विकासाचा हेतू मागे पडतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :

शिक्षकाच्या कामाला विद्यार्थ्यांच्या निकालाशी जोडण्याची कल्पना नवीन नाही. इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो यांच्या पुढाकाराने १८६२ च्या सुधारित संहितेद्वारे 'निकालानुसार अनुदान' ही पद्धत लागू झाली. विद्यार्थ्यांची उपस्थिती व निरीक्षकाने घेतलेली वाचन, लेखन, अंकगणिताची परीक्षा यांवर शाळेचे अनुदान ठरू लागले. परिणामी परीक्षेपुरते घोकून घेण्याची प्रवृत्ती वाढली व १८९० च्या दशकात ही पद्धत मोडीत निघाली.

महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा, तो शक्यतो शेतकरी वर्गातून आलेला असावा व त्याला पुरेसे वेतन मिळावे, अशी मागणी केली होती. शिक्षकाकडून अपेक्षा करण्यापूर्वी त्याच्या निवडीचा, तयारीचा व स्थितीचा विचार करावा, हे सूत्र त्यांच्या मांडणीत स्पष्ट दिसते. बीड जिल्हा त्या काळी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्यावर ग्रामीण प्राथमिक शाळांचा कारभार त्यांच्याकडे आला. पुढे १९९४ मध्ये केंद्रशाळा योजनेतून केंद्रप्रमुख हे पद निर्माण झाले आणि गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख व मुख्याध्यापक अशी पर्यवेक्षणाची साखळी तयार झाली.

मूल्यमापनाची प्रचलित साधने :

अ) गोपनीय अहवाल : दीर्घकाळ हेच प्रमुख साधन राहिले. वरिष्ठांनी वर्षातून एकदा लिहावयाचा हा अहवाल नावाप्रमाणेच गोपनीय असे व प्रतिकूल शेरा असल्यासच तो कर्मचाऱ्याला कळविला जाई. देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये असा निर्णय दिला की, लोकसेवकाच्या अहवालातील प्रत्येक नोंद, मग ती चांगली असो वा वाईट, संबंधिताला कळविली पाहिजे. ज्या नोंदीची माहितीच नाही, तिच्याविरुद्ध दाद मागता येत नाही, हे तत्त्व शिक्षकांच्या दृष्टीनेही मोलाचे आहे.

आ) कायदेशीर कर्तव्ये : १ एप्रिल २०१० पासून अंमलात आलेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्ये नमूद आहेत. नियमितपणा व वक्तशीरपणा, विहित मुदतीत अभ्यासक्रम पूर्ण करणे, प्रत्येक बालकाची अध्ययनक्षमता जोखून आवश्यकतेनुसार जादा अध्यापन करणे, पालकांच्या नियमित सभा घेणे ही त्यांतील प्रमुख कर्तव्ये होत. याच कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण व निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांवर सोपविता येत नाहीत. म्हणजेच काय मोजावे व काय लादू नये, या दोन्ही बाजू कायद्यातच आहेत.

इ) पिंडिक्स : राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने २०१३ मध्ये प्राथमिक शिक्षकांसाठी कार्यदर्शकांचा संच प्रसिद्ध केला. त्यात अध्ययन अनुभवांची आखणी, विषयज्ञान, अध्ययन सुलभीकरणाच्या पद्धती, आंतरव्यक्ती संबंध, व्यावसायिक विकास, शाळाविकास व शिक्षकाची उपस्थिती ही सात मानके असून प्रत्येकावर चार पातळ्यांत मूल्यांकन होते. प्रथम शिक्षकाने स्वयंमूल्यांकन करावे व नंतर मुख्याध्यापकाने आपले मत नोंदवावे, अशी त्याची रचना आहे.

ई) विद्यार्थी-संपादन : २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमात पायाभूत व संकलित चाचण्यांवर भर देण्यात आला. २०१७ मध्ये वरिष्ठ वेतनश्रेणी व निवडश्रेणीचा लाभ शाळेच्या प्रगत असण्याशी व शाळासिद्धी श्रेणीशी जोडणारी अट घालण्यात आली. शिक्षक संघटनांनी तिला तीव्र विरोध केला व पुढे ती मागे घेण्यात आली. एका शिक्षकाचा आर्थिक लाभ संपूर्ण शाळेच्या श्रेणीवर अवलंबून ठेवणे कितपत उचित, हा प्रश्न या निमित्ताने पुढे आला.

गुणांवर आधारित मोजमापाच्या मर्यादा :

विद्यार्थ्यांचे संपादन दुर्लक्षित करावे, असे कोणीही म्हणणार नाही. मुरलीधरन व सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशातील ग्रामीण शासकीय प्राथमिक शाळांत केलेल्या व २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, विद्यार्थ्यांच्या प्रगतीवर आधारित बोनस दिलेल्या शाळांचे संपादन दोन वर्षांनंतर तुलनेच्या शाळांपेक्षा गणितात ०.२७ व भाषेत ०.१७ प्रमाण विचलनाने अधिक आढळले. मात्र तेथे विद्यार्थ्यांची सुधारणा मोजली होती, केवळ अंतिम गुण नव्हे. दुसऱ्या बाजूने अमेरिकन सांख्यिकी संघटनेने २०१४ मध्ये निवेदन केले की, बहुतेक अभ्यासांनुसार विद्यार्थ्यांच्या गुणांतील एकूण तफावतीपैकी १ ते १४ टक्के तफावतच शिक्षकांमुळे स्पष्ट होते. उरलेली तफावत अन्य घटकांमुळे असते.

शिरूर कासारसारख्या तालुक्यात या मर्यादा अधिक तीव्र होतात. पुढील काल्पनिक उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. समजा, तिसरीच्या वर्गात २० मुले आहेत. जूनमध्ये त्यांपैकी ५ मुलांना परिच्छेद वाचता येतो. नोव्हेंबरमध्ये ८ मुले पालकांसोबत उसाच्या फडावर जातात. मागे राहिलेल्या १२ मुलांपैकी मार्चच्या चाचणीत ९ मुले वाचू लागलेली दिसतात. निकाल ७५ टक्के लागतो. एप्रिलमध्ये ८ मुले परत येतात. त्यांपैकी २ मुलांनाच वाचता येते. आता तोच निकाल २० पैकी ११, म्हणजे ५५ टक्के होतो. शिक्षकाचे काम तेच असताना केवळ चाचणीची तारीख बदलल्याने त्याचे मूल्यमापन २० टक्क्यांनी बदलते.

याहून गंभीर बाब पुढेच आहे. समजा, तशाच दुसऱ्या वर्गातील शिक्षकाने ऑक्टोबरमध्ये घरोघर जाऊन पालकांचे मन वळविले व ८ पैकी ४ मुलांची सोय हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांकडे करवून दिली. ही मुले बहुधा मागील वर्षांतही शाळेला अंतरलेली असतात. त्यांपैकी २ मुले मार्चपर्यंत वाचू लागली, तर या वर्गाचा निकाल १६ पैकी ११, म्हणजे सुमारे ६९ टक्के होतो. मुलांना जाऊ देणाऱ्या शिक्षकाला ७५ आणि मुलांना थांबवून घेणाऱ्याला ६९ टक्के! निव्वळ सरासरीवर विसंबणारी पद्धत येथे कर्तव्य बजावणाऱ्यालाच मागे टाकते आणि सर्वांत दुर्बल मूल हे शिक्षकाच्या दृष्टीने ओझे ठरण्याचा धोका निर्माण करते. शिवाय १२ मुलांच्या वर्गात एक मूल म्हणजे आठ टक्क्यांहून अधिक फरक. लहान पटाच्या द्विशिक्षकी शाळांत असे आकडे योगायोगानेही वर-खाली होतात.

उपस्थितीचा निकष :

शिक्षकाची उपस्थिती हा मोजण्यास सर्वांत सोपा निकष आहे. क्रेमर व सहकाऱ्यांच्या २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अकस्मात भेटींच्या वेळी देशातील शासकीय प्राथमिक शाळांतील सुमारे २५ टक्के शिक्षक अनुपस्थित आढळले, तर महाराष्ट्रात हे प्रमाण १४.६ टक्के, म्हणजे अभ्यासलेल्या राज्यांत सर्वांत कमी होते. परंतु प्रत्येक अनुपस्थिती म्हणजे कामचुकारपणा नव्हे. अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या २०१७ मधील सहा राज्यांच्या अभ्यासात विनाकारण गैरहजर शिक्षकांचे प्रमाण २.५ टक्के आढळले. इतर अनुपस्थितीमागे प्रशिक्षण, शासकीय कामे व रजा ही कारणे होती. हजेरीपटावर कारणांची स्वतंत्र नोंद नसेल, तर दोन्ही प्रकार एकाच रकान्यात मोजले जातात. तसेच शाळेत हजर असणे व वर्गात शिकविणे यांतही अंतर आहे. शालेय पोषण आहाराच्या नोंदी व ऑनलाईन माहिती भरण्यात गेलेला तास हजेरीत दिसतो, अध्यापनात दिसत नाही.

वर्गनिरीक्षण :

प्रत्यक्ष वर्गनिरीक्षण हे सर्वांत अर्थपूर्ण साधन होय. मात्र वर्षातून एखादी भेट, टाचण वहीवरील सही व शेरेबुकातील 'काम समाधानकारक' हा शेरा याला निरीक्षण म्हणता येणार नाही. अमेरिकेत २००९ ते २०१२ दरम्यान झालेल्या 'मेझर्स ऑफ इफेक्टिव्ह टीचिंग' प्रकल्पाचा निष्कर्ष असा की, एकाच निरीक्षकापेक्षा एकाहून अधिक निरीक्षकांनी केलेली निरीक्षणे अधिक विश्वसनीय ठरतात व कोणतेही एक साधन पुरेसे नसते. तथापि, तशाच स्वरूपाच्या उपक्रमाविषयी रँड संस्थेच्या २०१८ च्या अहवालात, मूल्यमापन पद्धती सुधारूनही विद्यार्थ्यांच्या संपादनात अपेक्षित वाढ झाली नाही, असे आढळले. तात्पर्य, मोजमाप अचूक झाले तरी त्यापाठोपाठ मार्गदर्शन मिळाले नाही, तर वर्गात बदल होत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकांसाठी वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा व्यक्त केली आहे. मूल्यमापनात दिसलेल्या गरजांशी हे तास जोडले गेले, तरच त्यांचा उपयोग होईल.

सूचना :

१) विद्यार्थ्यांचे तीन गट करून प्रगती नोंदवावी : वर्षभर शाळेत असलेले, हंगामात थांबविलेले व स्थलांतर करून परतलेले. प्रत्येक गटाची तुलना त्याच्याच जूनमधील स्थितीशी करावी.
२) स्थलांतर रोखण्यासाठी घेतलेल्या पालकभेटी, हंगामी वसतिगृहातील मुलांचे अध्यापन, जाणाऱ्या मुलांना दिलेले शिक्षण हमी कार्ड व परतल्यानंतरचे जादा वर्ग यांना मूल्यमापनात स्वतंत्र स्थान असावे. कलम २४ मधील 'जादा अध्यापन' या कर्तव्याचाच हा भाग आहे.
३) वर्षातून किमान तीन वर्गनिरीक्षणे व्हावीत आणि त्यांपैकी एक शेजारच्या केंद्रातील अनुभवी शिक्षकाने करावे. निरीक्षणानंतर त्याच दिवशी चर्चा व्हावी.
४) अनुपस्थितीची नोंद कारणांसह ठेवावी. अशैक्षणिक कामात गेलेले दिवस अध्यापनाच्या दिवसांतून वगळून दाखवावेत.
५) बहुवर्ग अध्यापन करणाऱ्या शिक्षकाला स्वतंत्र निकष लावावेत.
६) प्रत्येक नोंद शिक्षकाला लेखी कळवावी व आपले म्हणणे मांडण्यास मुदत द्यावी.
७) विकासासाठीचे स्वयंमूल्यांकन व वेतनश्रेणीसाठीचा अहवाल ही दोन स्वतंत्र प्रपत्रे असावीत.
८) शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे प्रमाण तीन चतुर्थांश असते. त्यांचे मत घ्यावे, परंतु सभा पालक गावात असताना, म्हणजे गळीत हंगामाच्या आधी व नंतर घ्याव्यात.

या सूचनांपैकी बहुतेकांना नव्या निधीची आवश्यकता नाही. नोंदी ठेवण्याच्या पद्धतीत बदल व पर्यवेक्षकांची रिक्त पदे वेळेवर भरणे एवढे त्यासाठी पुरेसे आहे. परिसरातील महाविद्यालयांच्या शिक्षणशास्त्र व समाजशास्त्र विभागांना गटनिहाय नोंदींच्या आधारे लघुसंशोधन प्रकल्प हाती घेता येतील.

निष्कर्ष :

प्राथमिक शिक्षकाचे कार्यमूल्यमापन आवश्यक आहे, यात दुमत नाही. मूल्यमापन नसेल तर प्रामाणिकपणे काम करणारा व न करणारा यांत भेद उरत नाही आणि त्याचे नुकसान अखेर मुलांना सोसावे लागते. मात्र वर्षभर स्थिर पट असलेल्या शहरी शाळेसाठी योग्य ठरणारे निकष शिरूर कासारमधील द्विशिक्षकी शाळेला जसेच्या तसे लावल्यास चुकीचे निष्कर्ष निघतात. शिक्षकाच्या हाती काय आहे व काय नाही, हे वेगळे करून पाहणे ही न्याय्य मूल्यमापनाची पहिली अट होय. ती पाळली गेली, तर उसाच्या फडावरून परतलेल्या मुलावर केलेली मेहनत शिक्षकाच्या अहवालात जमेच्या बाजूला येईल आणि अशा मुलांसाठी शाळेचे दार उघडे ठेवण्यास शिक्षकाला व्यवस्थेचे पाठबळ मिळेल.